न निघणारा ड्रम

वॉल्टर क्रायस्लर हा माणूस मूळचा रेल्वेतला मिस्त्री. कॅन्सस राज्यातल्या एलिस नावाच्या गावात युनियन पॅसिफिकच्या वर्कशॉपमध्ये त्याने उमेदवारी केली, आणि हत्यारं विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून ती स्वतःच घडवली. पुढे तो चढत चढत रेल्वेतला मोठा अधिकारी झाला. १९०८ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात त्याला एक लोकोमोबिल दिसली. किंमत ५००० डॉलर. खिशात होते ७००. पठ्ठ्याने उरलेले ४३०० कर्ज काढून गाडी घेतली, आगगाडीने घरी आणली, आणि चालवायला शिकण्याऐवजी सरळ खोलून ठेवली. पुन्हा जोडली. पुन्हा खोलली. असं काही महिने चालू होतं आणि बायको बिचारी गाडीत बसायची वाट पाहत होती.

आता गंमत बघा. ज्या माणसाने आपली पहिली गाडी चालवण्याआधी अनेकदा खोलली, त्याच्याच नावाच्या कंपनीने पुढे चाळीस वर्षं अशा गाड्या बनवल्या, ज्यांच्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम खोलताना भल्याभल्या मेकॅनिकांच्या तोंडाला फेस यायचा. अजूनही येतो. प्लिमथ, डॉज, डी सोटो, क्रायस्लर, बिल्ला कुठलाही लावा, दुखणं तेच. आणि ह्या गाड्या अमेरिकेतच राहिल्या असत्या तर मी इथे शनिवार सत्कारणी लावला नसता. त्या आपल्या मुंबईत, कुर्ल्यात जोडल्या जात होत्या.

तर मंडळी, आजचा विषय हा ड्रम. तांत्रिक भाग थोडा जास्त आहे, पण घाबरू नका, फर्स्ट इयरला वर्कशॉप केलेल्या कुणालाही समजेल. ज्यांनी जॉब दुसऱ्याकडून करवून घेतला त्यांनी दोनदा वाचावं :-)

आधी मुळात ब्रेक. सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक असायचे ते फक्त मागच्या चाकांना. कारण साधं होतं. पुढची चाकं वळतात, आणि वळणाऱ्या चाकापर्यंत लोखंडी दांडे आणि तारा न्यायच्या म्हणजे डोकेदुखी. पण भौतिकशास्त्र नेमकं उलट सांगतं. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरायला लागतात. म्हणजे जिथे ब्रेक बसवणं सोपं तिथे तो कमी कामाचा, आणि जिथे खरी गरज तिथे बसवणं अवघड. दांड्यांच्या ब्रेकची आणखी एक भानगड म्हणजे चारही चाकांना सारखा दाब देणं जवळपास अशक्य. एक दांडा थोडा सैल, दुसरा थोडा ताठ, की गाडी एका बाजूला ओढली गेलीच.

ह्यावर तोड काढली माल्कम लॉकहीडने. हो, तेच विमानवाले लॉकहीड. माल्कम आणि ॲलन ह्या भावांनी १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर स्वतः बनवलेलं सी-प्लेन उडवलं होतं. (आडनावाचं मूळ स्पेलिंग इतकं विचित्र होतं की लोक ते चुकीचं वाचायचे, म्हणून शेवटी दोघांनी उच्चाराप्रमाणे बदलून टाकलं.) माल्कमने दांड्यांऐवजी नळीतून द्रव पाठवायची कल्पना मांडली. पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलाय. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. मग चारही चाकांना सारखा का नाही पोचणार? १९२१ साली ड्यूसेनबर्ग गाडीवर चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, आणि त्याच वर्षी ल मॉंच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जिमी मर्फी अशाच ब्रेकच्या ड्यूसेनबर्गने जिंकला. पण ड्यूसेनबर्ग म्हणजे श्रीमंतांचं खेळणं. तुमच्याआमच्या गाडीत हे यायला क्रायस्लर लागला.

१९२४ च्या जानेवारीत क्रायस्लरने स्वतःच्या नावाची पहिली गाडी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलच्या लॉबीत मांडली, कारण मुख्य प्रदर्शनात तिला जागाच मिळाली नव्हती. चारही चाकांना लॉकहीडचे हायड्रॉलिक ब्रेक. मूळ रचनेत सिलिंडरमधल्या वाट्या कातड्याच्या होत्या आणि त्या गळायच्या. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्या जागी रबराच्या वाट्या घातल्या. आज तुमच्या गाडीचं ब्रेक किट बदलताना मेकॅनिक जे रबर दाखवतो ना, त्याचे पूर्वज ते हेच. पहिल्याच वर्षी सुमारे ३२ हजार गाड्या खपल्या. १९२८ मध्ये आलेल्या स्वस्त प्लिमथलासुद्धा हेच ब्रेक दिले. तिकडे हेन्री फोर्ड मात्र पेडलपासून चाकापर्यंत पोलादच हवं म्हणून अडून बसला, तो थेट १९३९ च्या मॉडेलपर्यंत! फोर्डच्या हट्टावर एक वेगळा लेख होईल. असो.

म्हणजे ब्रेकच्या बाबतीत क्रायस्लरची माणसं काळाच्या पुढे होती. मग तो ड्रम असा कसा?

इथे थोडं विषयांतर, पण गरजेचं. ड्रिलिंग मशीनमध्ये निमुळत्या दांड्याचं मोठं ड्रिल आपण नुसतं हाताने दणकन वर बसवायचो आणि ते तिथेच घट्ट राहायचं, आठवतंय? काढताना मात्र खाचेत पाचर घालून हातोडी मारावी लागायची. मोर्स टेपर. कोन लहान असला की घर्षणच त्याला धरून ठेवतं. हिशोब सोपा आहे. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर साधारण साडेआठ अंशांपेक्षा कमी उताराची पाचर आपोआप मागे सरकत नाही. क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये मागच्या ॲक्सलचं टोक असंच निमुळतं असतं. ड्रम आणि हब मिळून एकच जोड, त्याचं भोकही तसंच निमुळतं. मध्ये एक चावी, म्हणजे लोखंडाचा चौकोनी तुकडा, आणि बाहेरून एक दणदणीत नट. नट जितका आवळाल तितका हब वर चढतो आणि पकड वाढते. वर चाकाचे हजारो मैलांचे हादरे आणि गंज. तीस-चाळीस वर्षांनी तो जोड आणि एकसंध पोलाद ह्यात फारसा फरक उरत नाही.

रचना मूर्खपणाची नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. निमुळत्या जोडात खडखडाट राहत नाही, हब आपोआप मध्यावर बसतो, आणि चढावर चौदाशे किलोची गाडी ओढणारा सगळा जोर त्यातून जातो. त्या काळात इतर अनेक कंपन्याही हेच करायच्या. कारखान्यात जोडताना काम दोन मिनिटांचं. मनस्ताप सगळा नंतरच्या माणसाचा. आमच्या धंद्यात ह्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. डिलिव्हरी वेळेत झाली, मेंटेनन्स बघतील पुढचे.

ह्या कामासाठी क्रायस्लरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये खास पुलर असायचा. जाड हातांचा, मधोमध जाडजूड स्क्रू असलेला. चाकाचे बोल्ट जिथे बसतात तिथे त्याचे हात बोल्टनेच पक्के करायचे, स्क्रू ॲक्सलच्या टोकावर टेकवायचा, आणि स्क्रूवर डंबेलसारखी दिसणारी लोखंडी किल्ली चढवून तिच्यावर घणाने मारत राहायचं. अमेरिकेत ह्या किल्लीला कुत्र्याचं हाडूक म्हणतात. ते हाडूक ज्याच्याकडे नाही, त्याचं काम होत नाही.

आणि इथेच कुर्ल्याची गोष्ट येते.

हिंदुस्थानात मोटारींचा कारखाना हवा हे आधी डोक्यात आलं सर विश्वेश्वरय्यांच्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, १८८३ चे इंजिनिअर. सत्तरी ओलांडलेल्या ह्या गृहस्थांनी १९३५-३६ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत फिरून कारखाने पाहिले आणि मुंबईसाठी योजना तयार केली. बाळासाहेब खेरांचं मुंबई सरकार अनुकूल होतं, दिल्लीचं नव्हतं. ती योजना उचलली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन चालवणारा, रेल्वे आणि बोगद्यांची कंत्राटं घेणारा हा माणूस १९३९ साली अमेरिकेला गेला. फोर्डच्या इथल्या धंद्याचे हक्क कॅनडातल्या फोर्डकडे होते, तिथे घोडं अडलं. जनरल मोटर्सशीही जमलं नाही. जमलं ते क्रायस्लरशी. त्याच प्रवासात पॉली नावाच्या अमेरिकन विमानवाल्याशी ओळख झाली आणि त्यातून १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभं राहिलं, म्हणजे आजचं एचएएल. मोटार काढायला निघालेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन परत आला! १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणीही झाली. मोटारीचं घोडं मात्र युद्ध आणि सरकार ह्यांच्या मध्ये अडकून पडलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली १९४४ मध्ये आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ साली.

सुरुवातीला ह्या गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांमधून आलेल्या आणि इथे जोडलेल्या असायच्या. ह्यावर नाक मुरडणारे तेव्हाही होते, आताही आहेत. माझं मत विचाराल तर सुरुवात अशीच होते. आपल्या आयटीची सुरुवात तरी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळण्यातूनच झाली ना? पण पेटीतून सुटे भाग येतात, त्या भागांमागचं सगळं ज्ञान येतंच असं नाही, हेही खरं.

मुंबईत तेव्हा शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, फोर्डचाही कारखाना मुंबईतच होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं, ज्यांचा इथे भाग बनवायचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. प्रीमियर राहिली, पण तिने हळूहळू वजन इटलीच्या फियाटकडे टाकलं. वालचंद त्याच वर्षी वारले. नंतर १९५६-५७ चं परकीय चलनाचं संकट आलं, आयातीवर कात्री चालली. रस्त्यावर धावणाऱ्या प्लिमथ आणि डॉज मात्र हजारोंनी होत्या, आणि त्यांचे मागचे ब्रेक शू काही दिल्लीला विचारून झिजत नव्हते.

मग काय होत असेल? मोडकी ॲक्सलं आणि वाकडे ड्रम पाहिले की अंदाज येतो. दोन नख्यांचा साधा पुलर ड्रमच्या कडेला लावून ओढायचा, की ड्रमची कड वाकते. ॲक्सलच्या टोकावर सरळ घण घालायचा, की आटे फुलतात, आणि दणका आत जातो तो बेअरिंगवर आणि डिफरन्शियलमधल्या ठोकळ्यावर. गॅसच्या ज्वाळेने हब तापवायचा, की आतलं ग्रीस आणि सील जळून जातं. त्यातही आणखी एक मेख म्हणजे ह्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. फिरत्या चाकाने बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून केलेली ही सोय. ज्याला माहीत नाही तो जोर लावून सोडवतो, म्हणजे खरं तर आवळतो, आणि शेवटी बोल्टचं डोकं हातात येतं.

हे सगळं मी पुस्तकातून सांगतोय असं वाटेल म्हणून मागच्या महिन्यातलं सांगतो. आमच्या टीममधल्या एकाच्या आजोबांची १९५१ ची प्लिमथ पुण्यातल्या त्यांच्या बंगल्यात बावीस वर्षं विटांवर उभी होती. इंजिन ह्याने दिवाळीत चालू केलं. ब्रेक नव्हते. आजोबा आता नाहीत, आणि आजींचं म्हणणं एकच, ह्या उन्हाळ्यात एकदा त्यातून सारसबागेपर्यंत जायचं. त्यांचं वय शहाऐंशी. तारीख पुढे ढकलायला फारशी जागा नाही हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

एका तरुण मेकॅनिकने आधी गॅसचा बाटला आणायची भाषा केली होती. मित्राने नको म्हटलं, कारण ॲक्सल गेलं की नवीन मिळेल तेव्हा मिळेल, आणि किती महिन्यांनी ते कोणी सांगू शकत नव्हतं. मग नाना पेठेतले एक चाचा सापडले. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या पोतडीत पुलर होता, लेथवर बनवून घेतलेला, त्यांच्या उस्तादांचा.

चाचांनी आधी नटच्या स्प्लिट पिनचे उरलेसुरले अवशेष चिमट्याने काढले. नट सैल केला, पण काढला नाही. टोकाबरोबर येईल इतका ठेवला.

"नट पूर्ण काढायचा नाही का चाचा?" मित्राने विचारलं.

"काढ ना. मग ड्रम उडाला की तुझ्या मांडीवर घे."

ह्यात गंमत नाही. पाचर सुटते तेव्हा तोफेसारखी सुटते, आणि वीसेक किलोचं लोखंड समोर बसलेल्याचं काय करेल ते सांगायला नको. नटमुळे आटेही वाचतात. मग त्यांनी मागच्या बाजूने ब्रेक शूचे ॲडजस्टर सैल केले, कारण झिजलेल्या ड्रमला आत कड पडते आणि तिच्यात शू अडकतात. निम्मे लोक इथेच फसतात. ड्रम ॲक्सलवरून सुटलेला असतो आणि शूंवर लटकलेला, आणि हे वरून घण घालतायत. (ह्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकात नसतोच, तो गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणून तो सोडवत बसू नये.)

पुलर लागला. हाडूक चढलं. दहाएक घाव, मग चहा. पुन्हा दहा घाव. ड्रम ढिम्म. संध्याकाळी सात वाजता चाचांनी स्क्रू अजून पाव फेरा आवळला, हत्यारं पुसली आणि म्हणाले, "आता त्याचं तो बघेल."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी जा. उद्या नऊला येतो."

ताण तसाच ठेवून सोडून द्यायचं, ह्याला तांत्रिक कारण आहे. रात्री लोखंड गार होतं, किंचित आकसतं, आणि घावांनी खिळखिळा केलेला गंज स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू हार मानतो. पण मला तेव्हा ते पटलं नव्हतं, हे कबूल. सोमवारी रिलीज होती, आणि डोक्यात नुसता घण वाजत होता.

रात्री दोनच्या सुमारास वॉचमनला गोळी झाडल्यासारखा आवाज आला. तो काठी घेऊन धावला, चोर दिसला नाही. सकाळी ड्रम बोटभर पुढे येऊन नटला टेकलेला होता. आजी व्हरांड्यात बसून वॉचमनला चहा देत होत्या आणि म्हणत होत्या, "अरे, ह्यांच्या वेळेलाही रात्रीच निघायचा."

आत काय होतं? काळी पूड. चाचांनी फुंकर मारायला बंदी केली आणि ओल्या फडक्याने पुसून घेतलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ती पूड फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. त्यांचे उस्ताद कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम साफ करायचे. ते छातीच्या आजाराने गेले. कशाने ते चाचा म्हणाले नाहीत. व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून बसले होते. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि बावीस पावसाळ्यांचं पाणी कुठेतरी जाणारच. सिलिंडर होन करून, रबरं नवीन घालून वाचले. एक शू चक्क दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा होता, कापून, घासून बसवलेला. कधी, कुणी, कुठल्या टंचाईच्या वर्षी, कोण जाणे. घासकाम मात्र इतकं नेटकं होतं की चाचांनी तो तुकडा खिशात घातला.

जोडताना त्यांनी निमुळता भाग पेट्रोलने धुवून कोरडा केला. मी ग्रीसचं विचारलं तर नाही म्हणाले. तेल लावलं की हब गरजेपेक्षा जास्त वर चढतो आणि फुटू शकतो. ह्यावर जगभरच्या जुन्या गाड्यावाल्यांत कडाक्याची भांडणं आहेत, मी पडत नाही.

क्रायस्लरने ही निमुळती भानगड सोडली ती थेट १९६५ च्या मॉडेलपासून. तोवर प्रीमियरच्या मोटारी फियाटमय झाल्या होत्या. फियाट ११०० ची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली, आणि शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत. वॉल्टर क्रायस्लरने स्वतः घडवलेल्या हत्यारांची पेटी एकेकाळी न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगमध्ये अगदी वरच्या मजल्यावर काचेत मांडलेली असायची. चाचांचा पुलर सध्या मित्राच्या गॅरेजमध्ये आहे, कारण डाव्या बाजूचा ड्रम अजून निघालेला नाही. काल रात्री पाव फेरा आवळून आलोय. वॉचमनला सांगून ठेवलंय.